पश्चिमेस : पाणी

नगर जिल्ह्यातल्या माणसाला पाण्याकाठी घर घ्यावंसं वाटलं तर त्याला हसू नये. कोकणातल्या माणसाला समुद्राचं कौतुक नसतं. तो समुद्राकडे पाठ करून निवांत सुपारी कातरत बसू शकतो. आमच्याकडे पाणी मोठ्या साहेबाच्या दौऱ्यासारखं येतं. आधी येणार असल्याची बातमी, मग दौरा लांबल्याची बातमी, मग दुतर्फा वाट बघत उभी माणसं, आणि अखेर येतं तेव्हा कालव्यातून इतक्या घाईनं पुढे निघून जातं की ज्यानं पाहिलं तो महिनाभर सांगत सुटतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण एसटीच्या रांगेत अजून नगरच. आणि नगरच्या बोलण्यात पाऊस हा विषय गप्पांचा कमी, जमाखर्चाचा जास्त. अशा ठिकाणी लहानाचा मोठा झालेला माणूस साठीनंतर म्हणू लागला की सकाळी उठून खिडकी उघडावी आणि समोर पाणीच पाणी दिसावं, तर समजावं की हा बालपणाची थकबाकी वसूल करायला निघालाय.

आमच्या साडूभाऊंना ही थकबाकी निवृत्तीनंतर आठवली. त्यांची उभी हयात बँकेत कर्जं मंजूर करण्यात गेली. खरं सांगायचं तर नामंजूर करण्यात. एखाद्याच्या चेहऱ्यावर विश्वास बसला तर आपलंच काहीतरी चुकतंय अशी शंका येऊन ते पुन्हा कागद तपासायला घेत. असा माणूस एका रविवारी वर्तमानपत्रातून पडलेल्या पत्रकाकडे टक लावून बघत बसलेला दिसला, तेव्हाच त्यांची बायको, आमच्या ताई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “बघा हो, तुमच्या साडूंना काय झालंय ते.” पत्रकावर ‘लेक टच एनए प्लॉट, नगरपासून हाकेच्या अंतरावर’ असं होतं. चित्रात निळंशार पाणी, पाण्यात एक शिडाची होडी, काठावर नारळाची झाडं आणि टोपी घातलेलं एक गोरं कुटुंब. आमच्या काळ्या दगडावर नारळ कधी लागले आणि हे कुटुंब कुठल्या तालुक्यातलं, याची चौकशी साडूभाऊंनी नेहमीप्रमाणे करायला हवी होती. त्यांनी फक्त चष्मा पुसला आणि पत्रक पुन्हा वाचलं.

तरीही सवय सुटत नाही. त्यांनी एक कोरी राहिलेली जुनी डायरी काढली, पहिल्या पानावर ‘तळ्याकाठचे घर : खरेदीपूर्व तपासणी’ असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि त्याखाली पहिला प्रश्न लिहिला : तळे कोणाचे? त्यांच्या मते हा नुसता उपचाराचा प्रश्न होता. अर्जात नाव-गाव विचारतात तसा. पुढची पानं त्यांनी भिंतींची ओल, डास, साप, वीज आणि दवाखान्याचं अंतर यांच्यासाठी राखून ठेवली होती. पण त्या पहिल्या प्रश्नानं पुढचं वर्ष खाल्लं.

कारण आमच्या जिल्ह्यात पाहायला जावं अशी जी मोठी तळी आहेत, ती सगळी माणसांनी घडवलेली. भंडारदऱ्याला प्रवरा अडवायचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली संपलं. धरणाला गव्हर्नर विल्सनचं नाव दिलं आणि तलावाला आर्थर साहेबाचं. लोकांनी दोन्ही साहेबांना पेन्शनीत काढून सगळ्यालाच भंडारदरा म्हणायचं ठरवलं. राहुरीकडे बारागाव नांदूरला मुळा अडवली, तो सव्वीस टीएमसीचा ज्ञानेश्वरसागर. पैठणचा नाथसागर तसा पलीकडच्या जिल्ह्याचा, पण त्याची शेपटी शेवगाव-नेवाशापर्यंत लांबलेली. श्रीगोंद्याकडे विसापूरचा इंग्रजी अमदानीतला तलाव. यातलं एकही तळं कुणी बघायला म्हणून बांधलेलं नाही. ही कोठारं आहेत. आत साठवलेल्या थेंबाथेंबावर खाली कुठेतरी उसाचं, कांद्याचं, कारखान्याचं, नाहीतर एखाद्या शहराच्या नळाचं नाव लिहिलेलं असतं. ते पाणी आपल्याला निळं दिसतं तो काळ म्हणजे पोस्टात आलेली मनीऑर्डर वाटायला निघण्याआधी पोस्टमनच्या पिशवीत असते, तेवढा.

साडूभाऊ पाटबंधारे खात्याच्या कचेरीत जाऊन आले ते एक नवा शब्दसंग्रह घेऊनच. रब्बीचं आवर्तन, उन्हाळी आवर्तन, मृत साठा, दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट. आवर्तन म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी. ती कधी सुटणार, किती दिवस चालणार हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, आणि त्या बैठकीला काठावर बंगला असणाऱ्याला बोलावत नाहीत. समुद्राला भरती-ओहोटी येते ती चंद्रामुळे. आमच्या तळ्यांना ती बैठकीमुळे येते. साडूभाऊंनी डायरीत लिहिलं : ‘पाण्याची पातळी – बैठकीवर अवलंबून.’ आणि खाली, स्वतःशीच बोलावं तसं, बारीक अक्षरात : ‘चंद्राचं तरी पंचांग मिळतं.’

मग त्यांनी खरेदीखताचा मसुदा मागवला. जमिनीच्या कागदात मला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे चतुःसीमा. एरवी रूक्ष असलेला तो कागद तिथे येऊन अचानक चार दिशांना तोंड करून उभा राहतो. पूर्वेस अमुक गट नंबर, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस ओढा. यांच्या मसुद्यात ‘पश्चिमेस : पाणी’ असं होतं. एवढंच. दोन शब्द आणि मध्ये दोन ठिपके. साडूभाऊंनी ते वाक्य मला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा त्यांच्या आवाजात कापरं होतं. आयुष्यभर ‘पश्चिमेस सार्वजनिक शौचालय’, ‘पश्चिमेस बंद पडलेली पिठाची गिरणी’ असले कागद वाचलेला माणूस तो. पण रात्रभरात त्यांच्यातला बँकवाला जागा झाला. सीमा म्हणजे हललं नाही पाहिजे ते. बांध कोरला तर भावाभावांत डोकी फुटतात, आणि इथे एक अख्खी बाजू दर हंगामाला उठून चालायला लागते! सप्टेंबरात ती अंगणाशी टेकलेली असते आणि मार्चमध्ये कुठे गेली ते शोधायला सायकल लागते. मोजणीवाल्यानं खुंट्या कुठे ठोकायच्या?

त्याचं उत्तर कचेरीत मिळालं, आणि ते फार साधं होतं. पश्चिमेस पाणी नव्हतंच. धरण काठोकाठ भरलं तर पाणी जिथवर पोचेल, तिथवरची जमीन सरकारनं धरण बांधतानाच संपादित केलेली असते. त्या रेषेला पूर्ण संचय पातळी म्हणतात. तुमच्या कुंपणाच्या आणि पाण्याच्या मध्ये सरकारचा एक पट्टा असतो. पाणी असो नसो, पट्टा सरकारचाच. त्याच्यावर पायऱ्या बांधता येत नाहीत, होडी बांधायला खांब रोवता येत नाही, आणि रेषेपासून किती अंतरावर बांधकामाला मनाई आहे हे वेगळं विचारून घ्यावं लागतं. एवढंच काय, समोरच्या तळ्यातून बागेला पाणी घ्यायचं तरी उपशाचा परवाना लागतो. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही आमच्याकडची म्हण कुणा कवीला सुचलेली नाही. ते कुणीतरी घागर घेऊन बोललेलं आहे.

एजंट मात्र पश्चिमेच्या पाण्यावर ठाम होता. तो हुशार पोरगा होता. पांढरा शर्ट, दोन मोबाईल, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘काळजीच करू नका’. त्यानं मुळेच्या फुगवट्यावरचा तो प्लॉट पहिल्यांदा दाखवला तो सप्टेंबरात. धरण भरलेलं, वारा सुटलेला, पाणी बारीक बारीक लाटांनी कुंपणाच्या दगडांशी काहीतरी कुजबुजत होतं. साडूभाऊ तिथे दगडावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ताईंनी डब्यातल्या दशम्या काढल्या तेव्हासुद्धा त्यांनी पाण्याकडे बघतच हात पुढे केला. त्या दिवशी त्यांना सही करायला सांगितली असती तर त्यांनी केली असती, असं मला अजून वाटतं. पण ते उठताना एवढंच म्हणाले, “उन्हाळ्याच्या तोंडाला परत येऊ.” तळ्याकाठचं घर बघायला जाणाऱ्यानं हे एक वाक्य पाठ करून जावं. भरलेलं धरण हा लग्नातला फोटो आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी गेलो तर समोर गहू होता.

चांगला कमरेएवढा, ओंब्या भरलेला, वाऱ्यावर हलणारा गहू. त्याच्या पलीकडे हरभरा, त्याच्या पलीकडे भेगाळलेला करडा गाळ, आणि त्या सगळ्याच्या पार टोकाला, ऊन पडलं तर चमकणारी एक पट्टी. साडूभाऊंनी विचारलं, “तळं कुठंय?” एजंट जराही अडखळला नाही. “ते काय, गव्हाच्या पलीकडे. साहेब, एकाच भावात दोन व्ह्यू!” मला त्याचं खरोखर कौतुक वाटलं.

ही गाळपेर. पाणी ओसरत जातं तशी तळाची जमीन उघडी पडते. पावसाळाभर बसलेल्या गाळानं ती इतकी कसदार असते की पेरणाऱ्याला खताची फारशी चिंता नसते. खातं ती वर्षापुरती भाड्यानं देतं, आणि त्यात ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांना आधी विचारतात. हरभऱ्यात एक बाई होती. साठीच्या पुढची, डोईवर पदर, हातात विळा. साडूभाऊंनी तिला विचारलं, “मावशी, जमीन कोणाची?” ती हसली. “सरकारची. पहिली आमची व्हती, सासऱ्याची. हितंच, त्या बाभळीच्या अंगाला वाडा व्हता आमचा.” तिनं विळ्यानं ज्या दिशेला दाखवलं तिकडे बाभूळ नव्हती, वाडाही नव्हता, थोडे चौकोनी दगड मात्र रांगेत होते. मग ती, कुणाला काही सांगायचंय असा आव न आणता, पुन्हा वाकत म्हणाली, “पानी उठलं की आमी बसतो, पानी आलं की आमी उठतो.”

साडूभाऊंनी डायरी काखेत धरली होती ती पिशवीत टाकली. बाईनं ताईंना हरभऱ्याचे डहाळे दिले, चांगले दोन हात भरून. ताई पैसे द्यायला लागल्या तर तिनं घेतले नाहीत. “पाव्हणं आलासा,” म्हणाली. तिच्या सासऱ्याच्या वाड्यासमोर, तिच्याच जमिनीत, सरकारच्या परवानगीनं ती आमचं आदरातिथ्य करत होती, आणि आम्ही तिथे व्ह्यू बघायला आलो होतो. परतीच्या वाटेवर गाडीत सगळे घाटे सोलून खात होते. कुणी काही बोललं नाही. टरफलं मात्र भरपूर झाली.

मुळेचा विषय तिथे मिटला तरी थकबाकी मिटली नाही. साडूभाऊंचा मोर्चा भंडारदऱ्याकडे वळला. नगर शहरात वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला की आम्ही बरं वर्ष म्हणतो. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला घाटघर-रतनवाडीला चार-पाच हजार मिलिमीटर ओततो. एका कलेक्टरच्या हाताखाली इतकी विषमता! तिकडे तलाव तलावासारखा दिसतो. कळसूबाईची रांग, रतनगड, पावसाळा सरताना सोनकीनं पिवळे झालेले उतार, आणि पावसाच्या आधी, मे संपता संपता, झाडंच्या झाडं लुकलुकायला लावणारे काजवे. काजवे बघायला इतक्या गाड्या येतात की काजव्यांनी डोळे मिटून घ्यावेत.

पण तिथे साडूभाऊंची गाठ आधी सातबाऱ्याशी पडली. अकोले तालुक्याचा हा पट्टा महादेव कोळी, ठाकर लोकांचा. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला अशी सहज घेता येत नाही. जमीन महसूल संहितेची छत्तीस आणि छत्तीस-अ ही कलमं त्याच्या राखणीला बसलेली आहेत. शिवाय १९८६ पासून हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. शिवाय शेतजमीन घ्यायची तर आपण शेतकरी असल्याचा दाखला हवा. साडूभाऊ तसे शेतकरी आहेत. पारनेर तालुक्यात वडिलोपार्जित खडकाळ माळावर सातबाऱ्यात अकरा चुलतभावांच्या खाली त्यांचं नाव आहे, आणि त्या माळावर गवतसुद्धा मनात आलं तरच उगवतं. “नावावर करायची काय गरज?” तिथल्या एका मध्यस्थानं सुचवलं, “स्थानिक माणसाच्या नावावर राहू द्या, तुम्ही राहा.” बँकेत छत्तीस प्रकारची गहाणं बघितलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे पुरोहिताला सोवळं शिकवणं. साडूभाऊंनी त्याच्याकडे इतक्या मायेनं बघितलं की तो बिचारा चहा सांगायला उठून गेला.

तिथेच एका पडवीत एक म्हातारे बाबा बसले होते. कान तिखट होते. सगळं ऐकत होते. साडूभाऊंनी त्यांना, आता सहज म्हणून, विचारलं की बाबा, इथे घर बांधायचंच झालं तर काय काय बघावं. बाबांनी आम्हाला आपलं घर दाखवलं. घर पाण्यापासून चांगलं लांब, टेकाडाच्या आडोशाला. पाणी दिसेल अशी एक खिडकी नाही. पश्चिमेच्या अंगाला तर पूर्ण भिंत, आणि पावसाळ्याआधी तिलाही बाहेरून पेंढा बांधतात. पाऊस तिथे वरून पडत नाही, आडवा येतो. पश्चिमेकडून, घाट चढून, तीन-चार महिने. लाकूडफाटा, मीठ-मिरची, सुकी मासळी सगळं आधी भरून ठेवायचं. भिंतीला हात लावला तर हाताला ओल लागते आणि पायताणाला मिशा फुटतात. साडूभाऊ चाचरत म्हणाले, “पण मावळतीला पाण्यावर सूर्य किती छान दिसत असेल!” बाबांनी विचार केला. “दिसतो ना,” ते म्हणाले. “पर त्या अंगाला आमी भिंत घालतो. तुमी काच घालनार.”

जवळच रतनवाडीला अमृतेश्वराचं हजारेक वर्षांपूर्वीचं दगडी देऊळ आहे. कोरीव काम असं की बघताना मान मोडते. पावसाळ्यात त्याच्या गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्यात बुडून जाते. पाण्याकाठी राहायचं तर देवालासुद्धा सूट नाही. फरक इतकाच की तो बिल्डरला फोन करत नाही.

परत येताना गाडीत मला फराहबाग आठवली. नगरकर तिला फरियाबाग म्हणतात. शहराच्या दक्षिणेला, सोलापूर रस्त्याच्या बाजूला, निजामशाहीतला हा महाल. १५८३ साली पुरा झालेला. मधोमध घुमटाचं उंच दालन आणि भोवती तलाव. लेक व्ह्यू म्हणाल तर चारी बाजूंनी. मालक मुर्तजा निजामशहा. इतिहासात त्याला ‘दिवाणा’ म्हणतात. पहिलं बांधकाम त्याला पसंत पडलं नाही म्हणून पाडून पुन्हा बांधायला लावलं. गिऱ्हाइकाची ही जात चारशे वर्षांत बदललेली नाही. मग त्याच बागेत तो राज्यकारभाराकडे पाठ करून बसला. शाळेत असताना आम्ही सायकली घेऊन तिथे जायचो. पाणी केव्हाच आटलेलं. तलाव होता तिथे गवत, गवतात बकऱ्या. आम्हाला ते तळं होतं हे माहीतच नव्हतं; महालाला एवढा खोल खड्डा कशाला खणला असेल, याच्यावर आम्ही वाद घालायचो. एका मित्राचं मत होतं की क्रिकेटचा चेंडू लांब जाऊ नये म्हणून.

आणि या महालाचं दुसरं बांधकाम ज्यानं करून घेतलं त्या सलाबतखानाची गंमत तर मला दरवेळी नव्यानं वाटते. नगरच्या पूर्वेला डोंगरमाथ्यावर जो तीन मजली अष्टकोनी मनोरा दिसतो, ज्याला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात, तो महाल नाहीच. ती याच सलाबतखानाची कबर आहे. मालकासाठी भर पाण्यात घर बांधून देणाऱ्या माणसानं स्वतःच्या कायमच्या मुक्कामाला मात्र कोरडा ठणठणीत डोंगर निवडला. बांधकामातल्या माणसाचा खरा सल्ला हवा असेल तर तो काय सांगतो ते ऐकू नये, तो स्वतः कुठे राहतो ते बघावं.

साडूभाऊंना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, “मग आपल्या जिल्ह्यात पाण्याकाठी कोणी नीट राहिलंच नाही का?” मी आठवून बघितलं. नगरच्या किल्ल्याला खंदक आहे. तिथे १९४२ ते ४५ पंडित नेहरू आणि त्यांचे सहकारी होते, पण ती त्यांची निवड नव्हती. विसापूरच्या तलावाजवळ तुरुंग आहे. १९३०-३२ च्या सत्याग्रहातले पुष्कळ लोक तिथे राहून आले. त्यांना प्लॉटचा भाव विचारावा लागला नाही. म्हणजे हिशोब मांडला तर आमच्याकडे पाण्याकाठी मुक्काम घडला तो राजांना आणि कैद्यांना. आणि मुर्तजा तर दोन्ही होता. “निवृत्त बँक अधिकारी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसत असेल,” ताई मागच्या सीटवरून म्हणाल्या.

घर घ्यायचा विचार सोडला असं साडूभाऊ कधी म्हणत नाहीत. ‘बघतोय’ म्हणतात. डायरी अजून आहे, पण तिचा उपयोग बदललाय. पावसाळ्यात आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत धरणांचे साठे रोज छापून येतात : भंडारदरा, निळवंडे, मुळा, आढळा, आवक किती, विसर्ग किती, सगळं दलघफूत. साडूभाऊ ते उतरवून घेतात. सकाळी सातला फोन येतो : “मुळेत काल रात्रीत पाचशेची आवक!” माझा अजून चहा व्हायचा असतो. भंडारदरा भरलं आणि सांडव्यावरून पाणी सुटलं त्या दिवशी त्यांनी पेढे आणले होते. त्यांची कुठे एक गुंठा जमीन त्या पाण्याखाली भिजत नाही, एक कांडं ऊस नाही. ताई म्हणतात, घर घेतलं असतं तर एका तळ्याची काळजी केली असती. घेतलं नाही तर जिल्ह्याची करतायत.

२०२३ साली पाऊस नीट झाला नाही. गोदावरी खोऱ्यातलं पाणी वरच्या आणि खालच्या धरणांनी वाटून घ्यायचं, आणि ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा, म्हणजे नाथसागराचा, साठा पासष्ट टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्यांनी खाली पाणी सोडायचं, असं तेव्हाचं मेंढेगिरी समितीचं सूत्र. त्यावर कोर्टकचेऱ्या, मोर्चे, निवेदनं सगळं झालं आणि नोव्हेंबरात नगर-नाशिकच्या धरणांचे दरवाजे जायकवाडीसाठी उघडले. साडूभाऊ दोन दिवस नीट जेवले नाहीत. “आपलं पाणी चाललं,” असं म्हणत अंगणात फेऱ्या घालत होते. त्या बाजूच्या लोकांची तहान त्यांना कळत नव्हती असं नाही. सगळे आकडे त्यांना पाठ होते. पण आकडा कळणं वेगळं आणि सप्टेंबरात ज्याच्या काठी दगडावर बसून दशम्या खाल्ल्या, ते पाणी समोरून जाताना बघणं वेगळं. नकाशा उघडून ते त्याच्या मागावर राहिले. मुळा प्रवरेला मिळाली असेल. आता नेवासं आलं असेल, ज्ञानेश्वरांचं. आता प्रवरासंगम, आता गोदावरी. मुलीला सासरी पाठवल्यावर गाडी कुठवर पोचली असेल याचा बाप जसा मनातल्या मनात प्रवास करतो, तसं त्यांचं चाललं होतं. ही उपमा मी उगाच शोधून आणलेली नाही. त्यांची मुलगी प्राची खरोखरच संभाजीनगरला दिलेली आहे. तिच्या शहराला पिण्याचं पाणी जायकवाडीचं, आणि तिच्या नळाला ते कित्येक दिवसांनी एकदा येतं. ही गोष्ट साडूभाऊंच्या आकडेमोडीत एवढे दिवस कशी आली नव्हती कोण जाणे. ताईंनीच एका रात्री जेवताना सहज विचारलं, “हे पाणी शेवटी प्राचीकडेच जाणार ना हो?”

साडूभाऊंचा घास हातात राहिला. त्यानंतर त्यांचा विरोध एकदम मावळला आणि त्याची जागा अधीरतेनं घेतली. रोज फोन. “आलं का गं पाणी?” “नाही बाबा, आमची पाळी परवा.” “परवा? अगं, आता पोचायला हवं होतं. वाटेत कुठे मोटारी लावल्या असतील लोकांनी.” पाळीच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडेच होतो. फोन स्पीकरवर होता, समोर डायरी उघडी, पेन हातात. पलीकडे बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. प्राची म्हणाली, “आलं बाबा, आलं. पण जरा गढूळ आहे.”

“गढूळ?” साडूभाऊ खुर्चीतून अर्धवट उठले. “शक्यच नाही. आपल्याकडून निघालं तेव्हा नितळ होतं. जावईबापूंना सांग, आधी टाकी धुऊन घ्या म्हणावं.”